औषध पडलेली कोंबडी

गावात आजारी कोंबडीवर एकच उपचार सर्वमान्य आहे. त्याला डॉक्टर लागत नाही, औषधाचं दुकान उघडं असावं लागत नाही, आणि तो फसल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली, मान टाकायला लागली, की घरातलं जाणतं माणूस तिच्याकडे एकवार बघतं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतं आणि म्हणतं, "मरायच्या आत कापा." सोमवार, गुरुवार किंवा शनिवार निघाला तर कोंबडीला एक दिवसाची मुदतवाढ मिळते. त्याला एकादशी किंवा चतुर्थी जोडून आली तर दोन दिवसांची. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली आणि त्यांतली जवळजवळ ३२ कोटी परसातली निघाली. या ३२ कोटींच्या आरोग्याचा भार बव्हंशी कालनिर्णयावर आहे.

आमच्या काबरीला हा उपचार मिळाला नाही. त्याचं श्रेय घरात मी घेतो, बायको घेते आणि धाकटी तर घेतेच. पण खरं श्रेय वाराचं. शनिवार होता. दुपारी शेजारच्या अण्णांच्या कुत्र्याने काबरीला शेपटीच्या वर धरली, आरडाओरडा झाला, कुत्र्याने तोंडातली पिसं झाडली आणि ते अण्णांच्या ओसरीवर जाऊन निरागसपणे झोपलं. अण्णा कुंपणापाशी आले, कोंबडी बघितली आणि जाहीर केलं, "न्हाई जगायची. कापा." आई म्हणाली, "आज शनवार." अण्णा म्हणाले, "मग उद्यापतोर टिकवा."

तर शुश्रूषेची सुरुवात अशी झाली. कोंबडीला जगवायचं नव्हतं, रविवारपर्यंत टिकवायचं होतं. आषाढ चालू होता, गटारी अजून व्हायची होती, आणि रविवारचा बेत आयता जमून आला होता.

टिकवायची म्हणजे जखम धुवायला हवी. आईने कोमट पाण्यात मीठ घातलं, धाकटीने नखं कापायच्या कात्रीने आजूबाजूची चिकटलेली पिसं कापली आणि मी कोंबडी धरली. कातडी तळहाताएवढी उचकटली होती, खाली पिवळी चरबी आणि लाल मांस दिसत होतं. काबरी ओरडत नव्हती. ती एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती आणि मधूनच डोळा मिटत होती. कोंबडीची पापणी खालून वर येते, हे आयुष्यभर कोंबड्या पाळूनही मी पहिल्यांदाच बघितलं. पाणी पुसून आईने जखमेत चिमूट चिमूट हळद भरली. आधी मीठ, मग हळद. स्वयंपाकघरातही कोंबडीला हेच दोन जिन्नस याच क्रमाने लागतात, त्यामुळे बायको बराच वेळ दारात घुटमळत होती, नेमकं काय चाललंय याचा तिला अंदाज येईना. कुंपणापलीकडून अण्णांनी विचारलं, "आलं-लसूण हाय का घरात, का धाडू?"

मग धाकटीने कोंबडीच्या पंखाखाली हात घातला आणि किंचाळली, "बाबा, हिला केवढा ताप आलाय!" थर्मामीटर आणला. पंखाखाली धरला. पारा १०५ च्या वर गेला. आमच्या घरात एवढा ताप आजवर कुणालाही आलेला नाही. आईने कपाळावर ठेवायला ओल्या फडक्याची घडी केली, पण कोंबडीला कपाळ नेमकं कुठे असतं यावर एकमत होईना, तेवढ्यात अण्णांच्या गोठ्यात डॉक्टर आले. त्यांच्या म्हशीचे दिवस भरत आले होते. धाकटीने धावत जाऊन डॉक्टरांना कुंपणावरून ओढून आणलं. म्हणजे कुत्रंही अण्णांचं आणि डॉक्टरही अण्णांचेच.

डॉक्टर थर्मामीटर बघून हसले. निरोगी कोंबडीचं अंग ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्या जुन्या मापात १०६-१०७. माणसाला एवढा असला तर घरचे रिक्षा बोलावतात. कोंबडी तेवढ्या तापात उकिरडा उकरते. उलट अंग गार लागलं तर काळजी करायची, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी जखम बघितली, हळद थोडी झटकली, आईकडे बघून पुन्हा थोडी राहू दिली, आणि म्हशीसाठी आणलेल्या पेटीतून एक बाटली काढून एवढंसं इंजेक्शन छातीच्या मांसात दिलं. सुई काढता काढता म्हणाले, "औषध पडलंय. आता बंद केल्यानंतरही थोडे दिवस हिचं मांस नाही, अंडं नाही. औषध अंगात उरतं."

ओसरीवर शांतता पसरली. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. डॉक्टरांनी ना कोंबडी वाचेल असं सांगितलं, ना मरेल असं. पण त्या एका वाक्याने काबरीचा विमा उतरवला गेला. मेली तर पुरायची आणि जगली तर जगू द्यायची, तिसरा मार्ग बंद. औषध संपून वर सांगितलेले दिवस मोजायचे म्हटले तर गटारी हुकत होती. गटारी हुकली की श्रावण. श्रावण संपला की गणपती. मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. आईने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "दसऱ्यापतोर काय हात लावता येत न्हाई बघ हिला."

टीव्हीचं खोकं माळ्यावर होतं, ते उतरवलं. तळाशी वर्तमानपत्र घातलं. इथे जाणकारांसाठी एक सूचना: रंगीत पुरवणी घालू नये. तो कागद गुळगुळीत, कोंबडीचा पाय त्यावर फाकतो आणि धड पायही दुखावतो. आतली साधी पानं घालावीत. वर पोतं झाकलं. अंधार झाला की कोंबडी गप्प बसते; बाजारात तिला पिशवीत घालून वर गाठ मारतात ती केवळ उडून जाऊ नये म्हणून नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू झाले. गावात माणूस आजारी पडला तर लोक केळी घेऊन येतात. कोंबडीला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येतो आणि पहिल्यांदा हात घालतो तो तिच्या छातीला. पोतं बाजूला करायचं, कोंबडी उचलायची, बोटांनी छातीचं हाड चाचपायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "दीड किलो भरंल." मला याचा मनस्वी राग यायचा. पुढे तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तर तिथल्या डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच हाड चाचपलं. हाड टोकदार लागलं तर कोंबडी खंगलेली, दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं लागलं तर बरी. म्हणजे गिऱ्हाईक आणि वैद्य एकाच ठिकाणी हात घालतात आणि एकाच गोष्टीने खूश होतात. तेव्हापासून भेटायला येणाऱ्यांना मी निदान वैद्यकीय मत तरी विचारू लागलो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. लसणाची पाकळी चारा. कांद्याचा रस पाजा. चुना लावा. शेण लावा. मावसभाऊ आला त्याने देशीचे दोन थेंब चोचीत सोडायला सांगितले, आणि उरलेलीची विल्हेवाट लावायची तयारीही दाखवली. यातल्या पाजण्याच्या उपायांना मी ठाम नकार दिला, कारण डॉक्टरांनी काबरीची चोच उघडून मला आतलं दाखवलं होतं. जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडमीट करत असते, ती श्वासनळी. आपण मायेने चमच्याने पाणी ओततो ते सरळ तिथे जातं आणि कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी चमच्याने मरते. थेंब चोचीच्या कडेला लावायचा, पुढचं तिचं तिला कळतं. ती मान वर करते, आकाशाकडे बघते आणि गिळते. हे बघून आई म्हणाली, "घोट घोट देवाला दाखवून पिती. आपल्या घरात कुणी करतं का?"

खायला बाजरी, कण्या, दह्यात कालवलेली भाकरी. अशक्तपणा फार असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून घाला असं दवाखान्यात सांगितलं, आणि त्यावरून घरात पेच उभा राहिला. आईचं म्हणणं, हे पाप आहे. ती स्वतः अंडी खाते, पण कोंबडीने खावीत हे तिला पटेना. शेवटी दुकानातलं पांढरं अंडं आणलं. ते पोल्ट्रीतलं, काबरीच्या नात्यातलं नव्हे, अशी तडजोड झाली. काबरीने ते एवढ्या आवडीने खाल्लं की आईने पदर तोंडाला लावला.

रोज जखम धुऊन वर जांभळं औषध लावायचं होतं. त्याचं कारण केवळ जंतू नाहीत. कोंबड्यांना लाल रंग दिसतो आणि आवडतो. कळपातल्या एकीच्या अंगावर रक्त दिसलं की बाकीच्या तिथे टोचत सुटतात. जांभळ्या रंगाखाली लाल झाकलं जातं. झाकलं गेलं कोंबडीच्या पाठीवर, टॉवेलवर, ओसरीच्या फरशीवर आणि माझ्या बोटांवर. शाळेत वर्गात शिरलो तेव्हा मी एकाच सकाळी पाची बोटांनी मतदान करून आल्यासारखा दिसत होतो, आणि मुख्याध्यापकांनी एकदा खासगीत विचारलंही.

आता औषध लावताना कोंबडी स्थिर कशी ठेवायची? दोघांनी धरली तरी तिसरा लागतो. यावर मी जुन्या पुस्तकातला उपाय काढला. अथानाझियस किर्चर नावाच्या रोममधल्या एका जेझुइट पाद्र्याने १६४६ मध्ये लिहून ठेवलंय की कोंबडीचं डोकं जमिनीला टेकवावं आणि चोचीपासून पुढे सरळ खडूची रेघ ओढावी. कोंबडी त्या रेघेकडे बघत निश्चल पडून राहते. मी शिक्षक, खडू खिशात असतोच, पण आमची ओसरी शेणाने सारवलेली अर्धी आणि फरशीची अर्धी, खडू कुठेच उमटेना. आईने चिमटीत रांगोळी घेतली आणि तुळशीपुढे ओढते तशी एक रेघ सोडली. काबरी थिजली. दोन मिनिटं हलली नाही. शेजारपाजारच्या बायका जमल्या. हे संमोहन नव्हे, जिवाच्या भीतीने घेतलेलं मेल्याचं सोंग आहे, असं मी शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं. पण तोवर एका काकूंनी कोंबडीला हळदी-कुंकू वाहिलं होतं.

यादरम्यान खर्चाचा विषय निघणं अटळ होतं. अण्णा रोज सकाळी कुंपणाशी येऊन आकडा विचारायचे. बाजारात गावरान कोंबडी पाचशेच्या घरात, आणि आम्ही तो आकडा केव्हाच ओलांडला होता. शिवाय दुकानात कोंबडीचं औषध एका कोंबडीपुरतं मिळत नाही. डब्यावर शंभर पक्ष्यांना इतकं, हजार पक्ष्यांना तितकं, असा मजकूर. चौथीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं त्रैराशिक शिकवलं, त्याचा संसारात उपयोग होतो हे प्रथमच कळलं. भागाकार करून उत्तर आलं ते सुईच्या अग्रावर मावेल एवढं. उरलेल्या डब्यात आमच्या अख्ख्या तालुक्याचं खुराडं बरं झालं असतं.

"गुरुजी, एका कोंबडीपायी येवढं?" अण्णा म्हणायचे.

मग मी त्यांना आजारी कोंबड्यांचा इतिहास सांगितला. डच सरकारचा क्रिस्टियान आइकमान नावाचा डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, बेरीबेरी रोगाचे जंतू शोधत होता. जंतू सापडेनात. १८८९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लटपटायला लागल्या, पाय टाकता येईना, माना पडल्या. आणि काही महिन्यांनी, कुणी काही औषध न देता, बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सांगितलं, लष्करी भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. नाइलाजाने पुन्हा कोंड्याचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. कोंड्यात काहीतरी आहे, ते गेलं की रोग होतो, हे पुढे त्यातूनच उलगडत गेलं आणि ब-१ जीवनसत्त्वापर्यंत पोचलं. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं. आचाऱ्याला काही मिळाल्याची नोंद नाही.

अण्णा विचारात पडले. मला वाटलं, विज्ञान पोचलं. ते म्हणाले, "आचाऱ्याचं काय चुकलं? लष्कराच्या भाताचा हिशेब उद्या कुणी द्यायचा?" अण्णा सोसायटीचे माजी सचिव आहेत.

मी दुसरं उदाहरण दिलं. न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये कुणीतरी छातीवर गाठ आलेली कोंबडी घेऊन आलं. पेटन राउस यांनी त्या गाठीचा रस गाळून दुसऱ्या कोंबड्यांना टोचला आणि कर्करोग विषाणूमुळेही होऊ शकतो हे १९११ मध्ये दाखवलं. लोकांना ते पचायला वेळ लागला. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, तेव्हा राउस ८७ वर्षांचे होते.

"आणि ती कोंबडी?"

"गेली."

"मग आणली कशाला दवाखान्यात? कापायची." अण्णा निघून गेले.

रोगांच्या बाबतीत मात्र अण्णा हसत नाहीत. काबरी एकदा शिंकली तर त्यांनी लगेच नवापूर काढलं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या त्या गावी देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि इकडे सातारा-कराडपर्यंत लोकांनी रस्सा सोडून आमटी धरली. ते दिवस आठवले की अण्णांचा आवाज आजही खाली येतो. मानमोडीही त्यांनी पाहिलेली; सकाळी दाणे टिपणारं खुराडं संध्याकाळपर्यंत मान वाकडी करून पडलेलं. काबरी शिंकली ती खोक्यातल्या धुळीने, हे पटवायला मला दोन वेळा तिला उन्हात बसवून दाखवावी लागली.

जखम भरत आली. कडेने पातळ गुलाबी कातडी सरकत मध्ये आली, मग तिच्यातून निळसर टोकं वर निघाली, पिसांचे कोंब. काबरी खोक्याबाहेर उडी मारू लागली, टीव्ही बघणाऱ्या आईच्या मांडीशी बसू लागली आणि मालिकेत कुणी रडलं की कुरकुरू लागली. आता तिला खुराड्यात परत सोडायची. मला वाटत होतं, हा आनंदाचा भाग.

खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्यांनी तिला ओळखच दाखवली नाही. थोरल्या तांबडीने पहिली टोच मारली, मग दुसरीने, मग कालपरवाच्या तलंगांनीसुद्धा. थोरलेइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्या बघून १९२१ च्या सुमारास मांडलं की खुराड्यात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड पक्की असते. काबरी पूर्वी त्या उतरंडीत तांबडीच्या खालोखाल होती. रजेवर गेलेल्याच्या खुर्चीचं काय होतं हे मी जिल्हा परिषदेत आहे म्हणून मला सांगायला नको. काबरी जांभळी पाठ घेऊन पेरूच्या झाडाखाली एकटी उभी राहिली आणि आईने तांबडीला उद्देशून जे शब्द वापरले ते इथे छापता येत नाहीत.

यावरचा उपाय आईलाच ठाऊक होता. आधी थोडे दिवस डालग्याखाली झाकून खुराड्यासमोर ठेवली, म्हणजे एकमेकींना दिसतील पण टोच पोचणार नाही. मग एका रात्री, सगळ्या झोपल्यावर, बॅटरी बंद ठेवून, काबरीला हळूच दांडीवर बाकीच्यांच्या मध्ये बसवली. रात्री कोंबड्यांना धड दिसत नाही. सकाळी उठल्यावर शेजारी कोण आहे यावर त्या फारसा वाद घालत नाहीत. एकदोन टोचा झाल्या, पण त्या कार्यालयीन स्वरूपाच्या होत्या.

दसरा झाला. कॅलेंडर मोकळं झालं, औषधाची मुदत केव्हाच संपली होती, कायद्याने आणि धर्माने कुठलीच अडचण उरली नव्हती. जावई आले. आई खुराड्यात गेली आणि तांबडीला घेऊन बाहेर आली. कुणी काही बोललं नाही. जेवताना जावयाने विचारलं, "ती अंगणात फिरतीय ती पाठीवर टक्कल असलेली, ती मोठी दिसतीय की." आई म्हणाली, "तिला औषध पडलंय." जावयाने हिशेब विचारला नाही, आम्हीही सांगितला नाही.

आता अडचण वेगळीच झाली आहे. हजार पक्ष्यांचा डबा आमच्याकडे उरलाय ही बातमी गावभर झाली. कुणी लंगडणारी तलंग आणतं, कुणी डोळा सुजलेला कोंबडा. मी डॉक्टर नाही, हे औषध सगळ्याला चालत नाही, तालुक्याला न्या, असं रोज सांगतो, आणि रोज ओसरीवर दोन-तीन पिशव्या हलत असतात. परवा पहाटे कडी वाजली. दारात अण्णा. बगलेत त्यांचा तांबडा कोंबडा, गावातला नावाजलेला; त्याचा एक पाय लोंबत होता.

"कुणी धरला?" मी विचारलं.

"आमच्याच कुत्र्यानं."

मी गप्प राहिलो. बायको मात्र आतून म्हणाली, "कापा की अण्णा. आज रविवारच आहे."

अण्णा ओसरीवर टेकले. "कापला असता हो," ते म्हणाले, "पण रात्री नातीनं त्याला तिच्या तापाच्या गोळीतली अर्धी चारली. आता औषध पडलेलं कसं खायचं?" मग कोंबड्याला मांडीवर नीट घेत त्यांनी आत हाक मारली, "वैनी, जरा रांगोळीचा डबा आणा."